आधी अद्वेष, मग मैत्री (अध्याय १२, श्लोक १३)



गेले आठ-दहा दिवस इथं काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत ठणठणीत आहे. पण रोजचं वाचन ज्या श्लोकापाशी आलं होतं, त्यावर लिहायला मला तोंड नव्हतं. का ते सांगतो.

आपण बाराव्या अध्यायात आहोत. भक्तियोग. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्याला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. यादीत पहिलं काय येईल असं वाटतं? नामजप? उपास? एकांत? त्यातलं काहीच नाही. पहिला शब्द आहे ‘अद्वेष्टा’, म्हणजे कुठल्याही जिवाचा द्वेष न करणारा. त्याच्यामागून ‘मैत्र’ येतो आणि मग ‘करुण’. मी हा श्लोक शाळेत पाठांतर स्पर्धेत म्हटलाय, बक्षीसही मिळालंय. क्रमाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

तर झालं असं. गाझाच्या बातम्या चालू होत्या. कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. खाली ओळ होती की हे ज्यू आणि मुसलमान हजारो वर्षांचे वैरी आहेत, लढून मरू देत, आपल्याला काय. मी दात काढणारी इमोजी जोडून तो दुसऱ्या मित्राला पुढे ढकलला. निदान मला तसं वाटलं. प्रत्यक्षात तो गेला आमच्या ऑफिसच्या टीमच्या ग्रुपवर. डिलीट करेपर्यंत बऱ्याच जणांनी बघितला होता.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, भायखळ्यात वाढलेला, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. मला दादा म्हणतो. मुसलमान आहे. तो काहीच बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून जेवायला आमच्या टेबलवर यायचा थांबला. चौथ्या दिवशी मीच जाऊन त्याच्यासमोर बसलो आणि चुकून गेला रे, असं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, “दादा, चुकून गेला ते ठीक आहे. पण हसलात ते चुकून नव्हतं ना?” मग थोडं थांबून म्हणाला, “हजारो वर्षांचे वैरी म्हणे. मी ज्यूंच्या शाळेत शिकलोय. जेकब ससून, भायखळा.”

मला काही उत्तर सुचलं नाही. घरी आलो, रोजचं वाचन उघडलं तर समोर हाच श्लोक. तेव्हापासून रात्री लॅपटॉपवर हेच वाचत बसलोय. आजचा अभ्यास म्हणजे त्यातून हाती लागलेलं. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी माउली काय म्हणतात ते बघू. या श्लोकावरच्या ओव्यांमध्ये त्यांनी व्याख्या केलेलीच नाही, सरळ दाखले दिलेत. पृथ्वी चांगल्याला धरते आणि वाईटाला टाकून देते असं करत नाही. प्राण राजाच्या देहात राहीन, रंकाच्या नको, असं म्हणत नाही. आणि पाण्याचा दाखला तर मला फार लागला. पाणी गायीची तहान भागवतं, पण वाघ प्यायला आला म्हणून त्याला मारायला विष होत नाही. (हा माझ्या शब्दांतला सारांश आहे. मूळ ओव्या जरूर वाचा, बाराव्या अध्यायात या श्लोकाखाली लगेच सापडतील.)

यात एक गंमत आहे. पाण्याला वाघ आवडायला हवा असं माउली म्हणत नाहीत. वाघ हा वाघच आहे, त्यालाही तहान लागते, एवढंच. म्हणजे अद्वेष ही काही फार मोठी भावना नाही. ती खालची पायरी आहे, मैत्री त्याच्यावरची. आणि ‘लढून मरू देत’ म्हणताना मी ही खालची पायरीसुद्धा चढलेलो नव्हतो. वर मला वाटत होतं की मी तटस्थ आहे, माझा कुणावर राग नाही!

आता ते ‘हजारो वर्षांचे वैरी’. हिशोबच चुकीचा आहे. इस्लामला चौदाशे वर्षं झाली. आणि त्या काळात काय काय झालं? बाराव्या शतकातले ज्यूंचे सर्वांत मोठे धर्मशास्त्री मायमोनिडीज हे कैरोत सलादीनच्या दरबारातले वैद्य होते आणि बरंचसं लेखन त्यांनी अरबी भाषेत केलं. १४९२ मध्ये स्पेननं ज्यूंना हाकलून दिलं, तेव्हा तुर्कस्तानच्या सुलतानानं, दुसऱ्या बायझीदनं, त्यांना आसरा दिला. म्हणजे सगळं गोडीगुलाबीचंच होतं का? नाही. मुसलमान राज्यांत ज्यूंचा दर्जा दुय्यम असायचा, जिझिया भरावा लागायचा. १९४१ मध्ये बगदादमध्ये ज्यू वस्तीवर भीषण हल्ले झाले. दोन्ही बाजूंना सांगण्यासारख्या जखमा आहेत. पण ‘आधीपासून असंच आहे’ हे खरं नाही. आणि ते खरं नसेल, तर ‘आपल्याला काय’ म्हणायची सोयही राहत नाही.

यातला एक धागा तर थेट आपल्या दाराशी येतो. आपल्यातले किती जण रोज मध्य रेल्वेनं जातात? सीएसएमटीच्या आधीचं स्टेशन मशीद. ते नाव कुठल्या मशिदीवरून पडलं? मी जन्मभर धरून चाललो होतो की असेल जवळची एखादी. तर एक मत असं आहे की ती मशीद म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग! स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर सॅम्युअल स्ट्रीटवर ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे सिनेगॉग आहे. १७९६ मध्ये बांधलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. स्टेशनच्या नावाबद्दल वाद घालता येईल, पण बेने इस्रायल मंडळी स्वतः आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आलीत, त्यात वाद नाही.

बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले ज्यू. दिवेकर, पेणकर, केहिमकर, अष्टमकर. घरात मराठी. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. हाइम सॅम्युअल केहिमकरांनी या समाजाचा इतिहास लिहून ठेवलाय. त्यातली सणांची जुनी नावं वाचून मी उडालोच. खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. आणि त्यांच्याच शेजारी नव्याचा रोजा, रमजान, एलियाहू हनबीचा उरूस. धर्माचं काम बघणारे त्यांचे लोक ‘काझी’ म्हणवले जायचे. आहेत ज्यू, सण आहे बिरड्याचा, उपासाला शब्द रोजा. कोकणातल्या गल्लीत कोण कुणाच्या अंगणात वावरत होतं, ते या शब्दांवरून कळतं. ग्रंथातून असे शब्द येत नाहीत, शेजारातून येतात. (पुण्याच्या वाचकांसाठी: तुमच्याकडच्या लाल विटांच्या सिनेगॉगला जुने पुणेकर लाल देऊळ म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ!)

आणि ते १७९६ चं सिनेगॉग बांधलं कुणी? सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. पुढची हकीकत त्या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना मारायचं ठरलं, त्यांची जात विचारली गेली, त्यांनी सांगितलं बेने इस्रायल. ते ऐकून टिपूची आई म्हणाली की कुराणात ‘बनी इस्राईल’ असं वाचलंय, ती माणसं कधी बघितली नव्हती, यांना मारू नका. दिवेकर सुटले. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस होता, तो मुंबईला आल्यावर फेडला.

कागदोपत्री यातलं किती सिद्ध होईल हा इतिहासवाल्यांचा विषय. मला हे महत्त्वाचं वाटतं की ज्यू घरांनी ही गोष्ट सव्वादोनशे वर्षं जपली. मुंबईतल्या सर्वांत जुन्या सिनेगॉगच्या पायाशी एका मुसलमान आईची रदबदली आहे, असं ते आपणहून सांगतात. आपल्या नामदेव-एकनाथांच्या गोष्टी आपण कशा सांगतो? घडलं असेल-नसेल, ती सांगणाऱ्याला काय जपायचंय ते त्यातून दिसतं.

आता माझ्या सहकाऱ्याची शाळा. ससून घराणं बगदादचं. तिथल्या गव्हर्नरचा, दाऊद पाशाचा जाच सोसवेना म्हणून डेव्हिड ससून १८३०च्या सुमारास निघाले आणि मुंबईत येऊन स्थिरावले. पुण्याचं ससून हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून. भायखळ्यात त्यांनी मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधलं. नातू जेकब ससून यांच्या नावाची शाळा त्याच आवारात, मूळ ज्यू मुलांसाठी काढलेली. १९४८ नंतर ज्यू मंडळी हळूहळू इस्रायलला गेली. शाळा मोकळी पडली असती, पण विश्वस्तांनी ती चालू ठेवली, आणि भोवतालची वस्ती मुसलमान असल्यामुळे आज बहुतांश विद्यार्थी मुसलमान आहेत. म्हणजे एका मुसलमान अंमलदाराच्या त्रासानं घर सोडलेल्या कुटुंबाच्या नावाच्या शाळेत मुसलमान मुलं बाराखडी गिरवतात. माझगावच्या सर एली कदूरी शाळेचंही तसंच. ती १८७५ मध्ये केहिमकर वगैरे मंडळींनी इस्रायली स्कूल म्हणून सुरू केलेली. आज तिथंही मुसलमान मुलं मोठ्या संख्येनं आहेत. मैत्री संमेलन वगैरे कुणी भरवलं नाही. शाळा बंद पडू दिली नाही, एवढंच केलं.

अशी आणखी एक गोष्ट सापडली, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची. लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव. जर्मनीहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी १८८०-८१ मध्ये तिथं एक सुंदर सिनेगॉग बांधलं, कमानी बघितल्या तर मशीदच वाटावी असं. पुढे गिरण्या बुडाल्या, ज्यू पांगले. भोवती वस्ती झाली ती पाकिस्तानातून गिरणीकामाला आलेल्या मुसलमानांची. २०१२-१३ पर्यंत सिनेगॉगचे सदस्य जेमतेम चाळीस-पंचेचाळीस उरले. छप्पर गळायला लागलं. ज्या पूर्वेच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्या ठेवतात तीच भिंत ओल धरून खराब झाली. दुरुस्तीला पैसे नाहीत. अध्यक्ष होते रूडी लीव्हर. हिटलरच्या जर्मनीतून १९३७ मध्ये लहानपणी आईवडिलांबरोबर निसटून आलेले. त्यांच्यावर सिनेगॉग विकायची पाळी आली.

ओळख कशी झाली बघा. सिनेगॉगच्या शेजारी एक नवं हॉटेल उघडायचा बेत होता, त्याला सिनेगॉगची हरकत होती. जवळच एका मुसलमान माणसाचं जुनं हॉटेल होतं, त्याचीही हरकत होती. त्याचं कारण धंद्याचं असणार, यांचं शांततेचं! दोघांनी मिळून तक्रार केली. तिथून बोलणं सुरू झालं, मग छपराचा विषय निघाला. तो हॉटेलवाला, मशिदींच्या परिषदेचे पदाधिकारी, एक कापड उद्योजक असे मुसलमान लोक पुढे आले. तातडीच्या दुरुस्तीला पैसे जमवले, अनुदानाचे अर्ज भरायला मदत केली, लॉटरी निधीतून एक लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. सिनेगॉग वाचलं. पुढे त्याच्या कार्यकारिणीवर एक मुसलमान सदस्यही आला.

इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण मला ही गोष्ट फार पटते. पॅलेस्टाइन कुणाचं यावर आधी एकमत करू आणि मग छपराचं बघू, असं म्हटलं असतं तर सिनेगॉग केव्हाच विकलं गेलं असतं. त्यांनी समोर दिसणारी गळती हातात घेतली. आम्ही ऑफिसात आर्किटेक्चरवर तीन-तीन तास भांडतो आणि प्रॉडक्शनमधला बग तसाच राहतो, ते आठवलं. असो.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, अरे हे सगळं सोपं आहे. भायखळा काय, ब्रॅडफर्ड काय, तिथं कुणाचा जीव जात नाहीये. जिथं जातो तिथलं बोल. बरोबर आहे. मीही तिथंच अडलो होतो.

रामी एलहानान जेरुसलेमचे, ज्यू, त्यांचे वडील आउश्वित्झमधून वाचलेले. ४ सप्टेंबर १९९७ ला त्यांची मुलगी स्मादार जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर आत्मघाती बॉम्बस्फोटात गेली. चौदाव्या वाढदिवसाला थोडेच दिवस राहिले होते. बस्साम अरामिन पॅलेस्टिनी, मुसलमान, सतरा वर्षांचे असताना पकडले गेले आणि सात वर्षं इस्रायलच्या तुरुंगात होते. २००७ च्या जानेवारीत त्यांची दहा वर्षांची मुलगी अबीर शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसांची रबरी गोळी डोक्याला लागून गेली.

हे दोघं आज एकमेकांना भाऊ म्हणतात.

रामी सांगतात की पहिलं वर्षभर डोक्यात फक्त सूड होता. मग एक गृहस्थ त्यांना एका बैठकीला घेऊन गेले. दोन्हीकडच्या, मूल गमावलेल्या घरांची ती संघटना, पॅरेंट्स सर्कल, १९९५ मध्ये सुरू झालेली. तिथं एक पॅलेस्टिनी बाई बसमधून उतरताना दिसली. काळे कपडे, छातीशी तिच्या मुलाचा फोटो. रामींची बायको स्मादारचा फोटो अशीच जवळ धरायची. सत्तेचाळीस वर्षांचा हा माणूस म्हणतो की तोपर्यंत पॅलेस्टिनी माणूस त्यानं माणूस म्हणून कधी बघितलाच नव्हता. आणि बस्साम? त्यांनी तुरुंगात असताना ज्यूंच्या संहाराबद्दलचा एक चित्रपट बघितला. शत्रू मरताना बघायला मजा येईल म्हणून बघायला बसले आणि रडत उठले. पुढे ब्रॅडफर्डलाच जाऊन (हो, त्याच गावी!) शांतता-अभ्यासाची पदवी घेतली, विषय ज्यूंचा संहार. अबीर गेली त्याच्याआधीच बस्साम आणि इतर काही जणांनी दोन्हीकडच्या माजी लढवय्यांची एक संघटना काढली होती. तिच्यातल्या ज्यू माजी सैनिकांनी आणि पॅलेस्टिनींनी मिळून अबीरच्या शाळेत तिच्या नावानं खेळाचं मैदान उभं केलं.

दोघंही भाबडे नाहीत. ताबा संपल्याशिवाय शांतता येणार नाही, असं दोघं उघडपणे सांगतात. त्यासाठी आपापल्या लोकांकडून शिव्या खातात. मैत्रीमुळे युद्ध थांबलं नाही, गाझात काय झालं ते आपण बघितलंच. स्मादार परत आली नाही, अबीर आली नाही. मग या मैत्रीचा उपयोग काय, हा प्रश्न मला दोन रात्री छळत होता. अजूनही पूर्ण उत्तर नाही. एवढंच दिसतं की रामींसमोर दोन वाटा होत्या. सुडाच्या वाटेनंही स्मादार परत येणार नव्हतीच. आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच ही, पण त्यांच्या गोष्टीतही श्लोकाचाच क्रम आहे. करुणा पहिली आली नाही. आधी द्वेष थांबला, तोही एका फोटोपाशी. मग ओळख झाली, मग मैत्री, आणि मग दुसऱ्याच्या मुलीसाठी रडणं.

पसायदानातही माउलींचा क्रम असाच आहे, हे या निमित्तानं जाणवलं. दुष्टांचा नाश कर असं ते मागत नाहीत. त्यांच्यातला वाकडेपणा जावो, सत्कर्माची गोडी वाढो, आणि मग सगळ्यांची एकमेकांशी जिवाची मैत्री होवो. आपण रोज शेवटी उभं राहून हे म्हणतो. मीही म्हणतो. त्या दिवशी इमोजी पाठवण्याआधी सकाळीही म्हटलं होतं.

आता माझ्यापुरतं. सोमवारी टीमच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. चुकून गेला हे कारण न देता लिहिलं की मी हसलो, ते चुकलं. त्यावर तीन-चार अंगठे आले. त्याचा आला नाही. पण शनिवारी दुपारी त्याचा फोन आला, “दादा, भायखळ्याला येताय का, शाळा दाखवतो.”

गेलो. घड्याळाचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. फाटकावर पोलीस. शनिवार म्हणजे शब्बाथ, पाहुण्यांना आत सोडत नाहीत, हे ना माझ्या लक्षात होतं ना त्याच्या. (दहा दिवस ज्यूंबद्दल वाचणारा मी!) रखवालदारानं सांगितलं, दुसऱ्या दिवशी या, आधी कळवून आणि ओळखपत्र घेऊन. मग फाटकाबाहेरूनच तो मला दाखवत राहिला. तो वर्ग, ते झाड, तिथं क्रिकेट खेळताना काच फुटली होती आणि कुणी ओरडलं होतं. मी विचारलं, लहानपणी हे ज्यूंचं आहे असं काही वाटायचं का रे? तो म्हणाला, “नाही दादा. सुट्टी कधी आहे एवढंच बघायचो. आमची ईदची सुट्टी, त्यांच्या सणाची सुट्टी. मजा होती.”

मग कोपऱ्यावर चहा घेतला. पैसे त्यानं दिले, मला देऊ दिले नाहीत. व्हिडिओचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. सोमवारी तो जेवायला टेबलवर येईल की नाही, माहीत नाही.

पुढच्या रविवारी परत जायचं ठरलंय. ओळखपत्राची झेरॉक्स काढून ठेवली आहे. उद्या श्लोक १४, संतुष्ट या शब्दापासून सुरू करू.

राम कृष्ण हरी.